दुसऱ्याचं दळण

दोघा भावांचं भांडणसुद्धा हातांनीच व्हायचं. पिठाच्या गिरणीत इंजिन एकदा धडधडायला लागलं, की शेजारच्याच्या कानात बोंबललं तरी त्याला निम्मं कळायचं आणि निम्मं चुकीचं कळायचं. थोरला इंजिनापाशी, धाकटा जात्यापाशी, मधे लांबलचक पट्टा आणि पिठाचा धुरळा. मग बोलणार कसं? हातांनी. कानाची पाळी चिमटीत धरली की ‘ऐक, काहीतरी ठोकतंय.’ खांद्यावर दोन बोटं आपटली की ‘पट्टा बघ.’ तळहात जमिनीकडे दाबला की ‘हळू.’ अंगठा तर्जनीवर चोळला की ‘पीठ जाड येतंय, लक्ष कुठंय तुझं?’ मूठ तोंडाकडे नेली की चहा.

आणि पंजा उलटा करून बाहेरच्या बाजूला झटकला, की ‘हे दुसऱ्याचं दळण, बाजूला ठेव.’ गिरणीत लोकांचं दळून द्यायचंच, शिवाय स्वतःचं धान्य आणून पीठ विकायचाही धंदा होता. लोकांच्या दाण्यात आपला दाणा गेला किंवा आपल्यात त्यांचा आला, तर थोरल्याला ते चोरीहून वाईट वाटायचं. त्यामुळे ही खूण दिवसातून इतक्या वेळा व्हायची की त्याच्या मनगटाला तशी सवयच लागली होती.

वर एक नियम. खूण दिसली की समोरच्यानं टोपीला बोट लावायचं. म्हणजे पोचलं. टोपीला बोट लागेपर्यंत खूण करणाऱ्यानं हात खाली घ्यायचा नाही. एकदा धाकट्याला ‘हळू’ दिसलं नाही आणि पट्टा तुटून छपराला लागला, तेव्हापासून थोरल्यानं हा नियम घातला. उत्तर मिळेपर्यंत तो हात हलवतच राहायचा. गिऱ्हाइकं हसायची. म्हणायची, “यांच्याकडे इंजिन बोलतं आणि मालक मुके!”

थट्टा करणाऱ्यांच्या जिभेला हाड नसतं. थोरला खरोखरच मुका झाला.

गिरणी तोवर बंद पडली होती. लोक पिशवीतलं पीठ घ्यायला लागले, दळायला येणार कोण? मागच्या शेडमध्ये इंजिन ताडपत्रीखाली पडून होतं, आणि थोरला रोज उठून त्याची ताडपत्री नीट करायला जायचा. एका सकाळी गेला तो तिथंच पडला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, डावा हात चांगला आहे, समजतंही बरंच असावं. ‘असावं’ म्हणजे काय ते डॉक्टरांना विचारायची कुणाची छाती झाली नाही.

घरात आणल्यावर धाकटा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसला. मुद्दाम गिरणीतली जुनी टोपी घातली आणि मूठ तोंडाकडे नेली. चहा? दादानं त्याच्याकडे बघितलं आणि नजर भिंतीकडे वळवली. पट्टा, हळू, जाड पीठ, सगळ्या खुणा करून झाल्या. डावा हात मांडीवर होता तो तिथंच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

“तुम्ही माकडचेष्टा करताय असं वाटतंय त्यांना,” वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे दादाची बायको. बोलायला फटकळ, पण रात्रंदिवस त्याचं सगळं त्याच करत होत्या, त्यामुळे त्यांना बोलायचा हक्क होता.

धाकट्याचं म्हणणं वेगळं होतं. हात उचलायचा तो आवाज असला तर. शांततेत माणसं तोंडानं बोलतात, हे दादाच्या डोक्यात उभा जन्म बसलेलं. आणि तोंड तर गेलं. घरात शांतताच शांतता होती, मग तो हात उचलेल कशाला?

तेवढ्यात शेड ज्याच्या जागेत भाड्यानं होती त्यानं जागा परत मागितली. भंगारवाला दोनदा येऊन इंजिनाभोवती फिरून गेला. गावाबाहेरच्या बंद सूतगिरणीत जुन्या यंत्रांचं संग्रहालय निघालं होतं, तिथं तो जाऊन आला. छापखान्याची यंत्रं, रस्ता दाबायचा रोलर, शिलाई मशिनांची रांग, सगळं पुसूनपासून ठेवलेलं. त्यानं घरी येऊन दादाला विचारलं, “दादा, इंजिन तिकडं देऊ का? नीट राहील. चालू ठेवतात म्हणे ते.” दादा भिंतीकडे बघत होता. धाकट्यानं तो होकार धरला. दुसरं काय धरणार?

“द्यायचं तर द्या,” वहिनी म्हणाल्या, “पण भाऊजी, दिलं ते दिलं. मागाहून माझं माझं करत हिंडायचं नाही.”

“मी कशाला करू?” धाकटा म्हणाला आणि पुढच्याच रविवारी तिथं स्वयंसेवक म्हणून नाव घालून आला. घरात हसू झालं. इंजिन सासरी गेलं आणि हे पाठराखणीला निघाले!

संग्रहालयात रविवारी कामाला येणारी मंडळी सगळी धाकट्याच्याच वयाची. कुणी घड्याळं दुरुस्त करणारे, कुणी छापखान्यातले, कुणी नुसतेच घरात सुनेला अडचण होणारे. फडकी घ्यायची, पितळ घासायचं, तेल सोडायचं, आणि लोक आले की दोरीच्या अलीकडे थांबा म्हणून सांगायचं. सगळ्यांना संग्रहालयाचं नाव लिहिलेल्या निळ्या टोप्या मिळाल्या होत्या. धाकट्याचं सूत जमलं ते ट्रॅक्टरवाल्याशी. हा पूर्वी ट्रॅक्टर भाड्यानं द्यायचा आणि पाणी उपसायला त्याच्याकडे याच जातीचं इंजिन होतं. तेही त्यानं इथं दान दिलेलं. दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी उभी, जुळी भावंडं. फक्त ट्रॅक्टरवाल्याचं चालताना मधेच असं कण्हायचं की सगळे त्याला ‘रडकं’ म्हणायचे.

“तुझं इंजिन तुझ्यावर गेलंय,” धाकटा त्याला म्हणायचा.

“आणि तुझं तुझ्यावर,” ट्रॅक्टरवाला म्हणायचा. “नुसताच आवाज. पाणी उपसलंय का कधी?”

एका रविवारी धाकट्यानं दादाला चाकाच्या खुर्चीतून नेलं. तेवढीच हवा लागेल म्हणून वहिनीही बरोबर आल्या. धाकट्यानं दोरी वर धरून खुर्ची आत घेतली. आपल्याच इंजिनापाशी जायला दोरी वर धरायची म्हणजे गंमतच. हँडल मारलं. इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि धरलं. शेडचे पत्रे थरथरायला लागले. धाकटा तेलाची धार बघायला वाकला आणि वर बघतो तो काय, दादानं डाव्या हातानं कानाची पाळी चिमटीत धरली होती!

धाकट्याला क्षणभर कळेना. मग त्यानं कान दिला. खरंच की, खालच्या बाजूला काहीतरी बारीक ठोकत होतं. पायाचा एक बोल्ट सैल होता. त्यानं पाना आणून आवळला. ठोकणं थांबलं, पण दादाचा हात कानावरच. आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं निळ्या टोपीला बोट लावलं. दादाचा हात खाली आला. वहिनी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, आणि ट्रॅक्टरवाला उगीचच आपल्या रडक्याला पुसत होता.

तेव्हापासून प्रत्येक रविवार ठरलेला. इंजिन चालू असेतो दादा बोलायचा, बंद झालं की मिटायचा. वहिनींनी आठवडाभर साठवलेले प्रश्न असायचे. विचारा ना भाऊजी, पाय दुखतो का. विचारा ना, रात्री झोप का येत नाही. आता गिरणीच्या भाषेत पाय कुठून आणायचा? तिथं पट्टा, पीठ, पोती, चहा, संपलं. धाकटा पायाला हात लावून अंगठा तर्जनीवर चोळायचा, म्हणजे ‘इथं जाड येतंय का?’ दादा विचार करायचा आणि तळहात खाली दाबायचा, हळू. म्हणजे पाय हळू उचला. असं जोडून जोडून चालायचं. हसू यायचं आणि डोळेही भरून यायचे.

एकदा दादानं खांद्यावर दोन बोटं आपटली. पट्टा बघ. इंजिनाला इथं पट्टाच नव्हता, ते नुसतंच फिरायचं. धाकट्यानं तरी चाकाभोवती फेरी मारली. दादा पुन्हा पुन्हा आपटत राहिला, आणि मग बोटं स्वतःच्या कमरेकडे नेली. खुर्चीतून घसरू नये म्हणून वहिनी त्याला एक पट्टा बांधायच्या. सोडून बघितलं तर खालची कातडी सोलून निघाली होती.

“रोज मीच आवळत होते हो,” वहिनी म्हणाल्या. “एवढे दिवस सोसलं यांनी. सांगणार कुणाला?”

एवढ्या मोलाचं ते रविवारचं इंजिन होतं. लोकांना वाटायचं, दोन म्हातारे जुन्या आठवणी काढत बसलेत. आठवणी कसल्या घेऊन बसलात? माणसाला कुठं लागतंय ते कळायची ती एकच वाट होती.

संग्रहालयाचा कारभार बघणाऱ्या बाई तरुण होत्या, कामसू होत्या, सगळ्यांना काका म्हणायच्या. एका रविवारी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, “काका, या दोन जुळ्या इंजिनांपैकी आतून कुठलं जास्त चांगलं आहे? नव्या दालनात एक ठेवायचंय. शाळेची मुलं येतील. आत काय काय चालतं ते त्यांना दिसलं पाहिजे.”

धाकट्याचे कान टवकारले. नवं दालन अगदी दारापाशी होतं आणि ते रोज उघडणार होतं. तिथं गेलेलं इंजिन रोज चालणार. रोज! म्हणजे दादाला दुखलं तर रविवारची वाट बघायला नको. अहो, माणूस हावरट होतो तो असा चांगल्या गोष्टीसाठीच होतो.

“आमचंच,” तो म्हणाला. “विचारायचं काय त्यात?”

“का?” ट्रॅक्टरवाला म्हणाला. “माझ्यानं काय घोडं मारलंय?”

झालं, शर्यत लागली. दोघांनी आपापल्या इंजिनाचं बाजूचं दार उघडलं आणि फडकी घेऊन बसले. पुढचे दोन रविवार दादाशी बोलणंसुद्धा धाकट्यानं आवरतं घेतलं. पिस्टन बाहेर काढून पुसला, झडपा घासून बसवल्या, आतली कानाकोपऱ्यातली काजळी लाकडी काडीनं खरवडली. घासायला फारसं नव्हतंच. दादा तेल कापडातून गाळून घालायचा. गिऱ्हाईक नसलं की दार उघडून आत हात घालायचा. लहान मुलाच्या कानामागचं बघावं तसं त्यानं ते इंजिन बघितलं होतं.

बाई बॅटरी घेऊन आल्या. रडक्याच्या आत गंज होता आणि सिलिंडरवर नखानं ओरबाडल्यासारखे चरे. मग त्या इकडं आल्या. धाकट्यानं आत हात घातला आणि बोट काढून त्यांच्यापुढे धरलं. “बघा. ह्यात बसून जेवा. माझ्या दादानं सांभाळलंय हे. असं आतून दुसरं तुम्हाला सगळ्या जिल्ह्यात मिळायचं नाही.”

“खरंच,” बाई म्हणाल्या. त्यांनी चार बाजूंनी फोटो काढले. “असंच हवं होतं आम्हाला.”

आपलाच तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं पुटपुटत ट्रॅक्टरवाल्यानं रडक्याचं दार लावून टाकलं. धाकटा त्या दिवशी घरी येताना दादाची खुर्ची ढकलत शीळ घालत होता.

पुढच्या रविवारी इंजिनावर खडूच्या रेघा होत्या. सिलिंडरच्या पोटावरून एक, खालच्या पेटीवरून एक, चाकाच्या बाजूनं वळण घेऊन गेलेली. धाकट्याला वाटलं, रंग द्यायचाय. त्यानं बाईंना विचारलं, “कुठला रंग देताय?”

“रंग नाही काका, तिथून कापणार. तेवढा भाग काढून टाकायचा, म्हणजे पिस्टन, झडपा, सगळं बाहेरून दिसेल. एक छोटी विजेची मोटर लावून हळूहळू फिरवायचं. मुलांना किती छान कळेल!”

धाकटा हसला. त्याला खरंच थट्टा वाटली.

“बाई, ते चालतंय,” तो म्हणाला.

“हो, पण चालवून दाखवायला दुसरं आहेच ना. आणि आतून खराब असलेलं कापून दाखवणार काय? म्हणून तर विचारलं तुम्हाला.”

बाईंनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. आतलं दिसलं पाहिजे, असंच म्हणाल्या होत्या. धाकट्यानं त्याचा अर्थ दार उघडून दाखवायचं असा घेतला. कुणीही गिरणीवाला तोच घेईल. चालतं इंजिन कुणी कापतं, हे ज्याचा जन्म इंजिनावर गेला त्याच्या स्वप्नात तरी येईल का? बंद पडलेलं कापतात, भंगारात गेलेलं कापतात. त्यानं आपल्या हातानं, आपल्या तोंडानं, फडकं मारमारून आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

मग त्याची धावपळ सुरू झाली. आधी तो चक्क खोटं बोलला. म्हणाला, आत एक चीर आहे, मी लपवली होती. बाईंनी फोटो काढून दाखवले, चीर कुठं आहे ते दाखवा म्हणाल्या. धाकट्याला दाखवता येईना. दादाच्या इंजिनात चीर आहे असं खोटं तरी किती वेळ बोलणार?

मग त्यानं खरं सांगितलं. खुणांचं, टोपीचं, कमरेच्या पट्ट्याचं. बाई ऐकत राहिल्या. त्यांचे डोळे भरले.

“काका, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“आधी काय सांगू? आधी कुणी कापत नव्हतं ना!”

बाई भल्या होत्या. त्यांनी कमिटीपुढे विषय नेला. ट्रॅक्टरवालाही गेला. म्हणाला, “माझं कापा. ते तसंही रडतंय, एकदाचं सुटेल.” एवढ्या मोठ्या मनाचा माणूस निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण कमिटीतल्या लोकांनी दोन्हींचे फोटो बघितले. ज्यांच्या पैशातून दालन उभं राहत होतं त्यांनी स्वच्छ असलेलंच पसंत केलं होतं. कापायचा कारखाना ठरला होता, नकाशे झाले होते. कमिटी वाईट नव्हती. त्यांनी सहानुभूती दाखवली, आणि मार्गही काढून दिला. दोन्ही इंजिनं एकाच जातीची, मग भाऊसाहेबांना दुसऱ्या इंजिनापाशी बसवा. आवाज तोच ना!

बोलणाऱ्याचं काय जातं. पण बुडत्याला काडीचा आधार. धाकट्यालाही वाटलं, असेल बाबा. पुढच्या रविवारी त्यानं आपलं इंजिन बंदच ठेवलं आणि दादाची खुर्ची रडक्यापाशी नेली. ट्रॅक्टरवाल्यानं हँडल मारलं. पत्रे थरथरले. धाकटा समोर उभा राहून खुणा करायला लागला. चहा? पट्टा? पाय? दादा बघत होता, पण धाकट्याकडे नाही, त्याच्या मागं गप्प उभ्या असलेल्या आपल्या इंजिनाकडे. रडकं कण्हत होतं, धडधडत होतं. मांडीवरचा हात हलला नाही.

“चालव रे अजून थोडं,” धाकटा ओरडला.

ट्रॅक्टरवाल्यानं टाकीतलं डिझेल संपेपर्यंत चालवलं. वहिनी शेवटी म्हणाल्या, “पुरे आता भाऊजी. त्यांना थंडी वाजतीय.”

न्यायच्या आधी एकच रविवार उरला होता. त्या दिवशी धाकट्यानं सकाळीच इंजिन चालू केलं आणि दुपार कलली तरी बंद केलं नाही. दादा नेहमीसारखा बोलत होता. चहा मागितला. पाय हळू उचला म्हणाला. एका पोराच्या हातातल्या टम्म फुग्याकडे बघून त्यानं अंगठा तर्जनीवर चोळला, ‘जाड आलाय’, तेव्हा वहिनी बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसल्या. धाकट्याला मात्र सांगायचं होतं. इंजिन नेणार आहेत, कापणार आहेत, माझ्यामुळं झालं. त्यानं हात वर केला आणि तसाच राहिला. कापणं याला खूण नव्हती. माझं चुकलं, याला तर नव्हतीच. गिरणीत चुकलं की पीठच जाड यायचं, ते समोर दिसायचं, वेगळं सांगायला लागायचं नाही. वर गेलेला हात त्यानं टोपी सरळ करायला वापरला. दादाला वाटलं, आपल्या कुठल्या तरी खुणेचं उत्तर आलं. त्यानं हात मांडीवर ठेवून दिला.

संध्याकाळी तेल बंद केलं. चाक आपल्या वजनानं आणखी थोडं फिरलं आणि थांबलं.

ट्रक आला तेव्हा दोर धाकट्यानंच बांधला. कुणी सांगितलं नव्हतं. पण कारखान्याची माणसं वरच्या नळीला दोर घालायला निघाली होती, ती नळी मोडली असती. “बाजूला व्हा,” तो त्यांच्यावर खेकसला. टाकीतलं पाणी काढलं, तेल काढलं, चाकाला पाचर मारली, दोर पायातून घेतला. कापायलाच न्यायचं तर एवढं जपून कशाला, असं ट्रक ड्रायव्हर म्हणाला. धाकट्यानं दोराची गाठ पुन्हा ओढून बघितली. ट्रॅक्टरवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं झटकून टाकला, आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला.

मधले रविवार दादा घरीच होता. काय दुखतंय कळायचं नाही. एकदा दोन दिवस जेवला नाही, तेव्हा वहिनींनी त्याचा प्रत्येक दात दाबून बघितला, पोट बघितलं, पाठ बघितली. काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी आपोआप जेवला. का जेवला नव्हता ते तोच जाणे.

नवं दालन उघडलं त्या दिवशी बाईंनी मुद्दाम गाडी पाठवली. दादाला न्यायला धाकटा तयार नव्हता. “न्या,” वहिनी म्हणाल्या, “त्यांचंच होतं ते. त्यांना कळू दे तरी कुठं गेलं.”

दालन चकचकीत होतं. मधोमध, काचेच्या कठड्यात, इंजिन उभं होतं. हिरवा रंग दिलेलं, आणि जिथं जिथं कापलं होतं तिथल्या कडा लालभडक रंगवलेल्या, म्हणजे मुलांना कापलेलं कळावं. पोट उघडं. आत पिस्टन वर जात होता, खाली येत होता. झडप उघडत होती, मिटत होती. आवाज काहीच नव्हता. कुठंतरी खाली ती छोटी मोटर गुणगुणत होती, तीही जवळ गेलं तरच ऐकू यायची. मुलं काचेला नाकं लावून बघत होती. बघण्यासारखंच होतं, खोटं कशाला बोला? सिलिंडर आतून आरशासारखा चमकत होता. पाटीवर दान देणाऱ्यांचं नाव होतं, दोघा भावांचं.

धाकट्यानं खुर्ची काचेपाशी नेली आणि स्वतः पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला, गिरणीत उभा राहायचा तसा, मधे इंजिन ठेवून. का गेला कुणास ठाऊक. सवय. डोक्यावर संग्रहालयाची निळी टोपी होती.

दादा बराच वेळ बघत राहिला. पिस्टन वर, पिस्टन खाली. मग त्यानं मान वर करून धाकट्याकडे बघितलं आणि त्याचा डावा हात मांडीवरून उठला.

इतक्या शांततेत, आजारपणानंतर पहिल्यांदाच, दादानं हात उचलला होता! म्हणजे इंजिनाचा आवाज लागतच नाही का? म्हणजे घरीही बोलेल का हा? धाकट्याच्या मनात एका क्षणात एवढं सगळं येऊन गेलं. तो पुढं वाकून बघायला लागला.

दादानं पंजा उलटा केला आणि बाहेरच्या बाजूला झटकला.

दुसऱ्याचं दळण. बाजूला ठेव.

धाकट्याला ती खूण दिसली. स्वच्छ दिसली. पण त्याचा हात टोपीकडे जाईना. त्यानं मान हलवली. नाही दादा. आपलं आहे, नाव आहे बघ पाटीवर. तो हे मोठ्यानंच बोलला असावा, कारण दोन मुलं वळून बघायला लागली. त्यानं मूठ तोंडाकडे नेली, चहा? खांद्यावर बोटं आपटली, पट्टा बघू का? काहीही, दुसरं काहीही बोल.

दादानं पुन्हा पंजा झटकला. पुन्हा. त्याचं कोपर आता खाली यायला लागलं होतं. तरी तो ते उचलून झटकतच होता, उत्तर मिळेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही हा त्यानंच घातलेला नियम पाळत. एक मुलगी हसून हात हलवायला लागली. तिला वाटलं, आजोबा टाटा करताहेत.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “अहो उत्तर द्या ना त्यांना. दमलेत ते.”

धाकट्यानं टोपीला बोट लावलं.

दादाचा हात खाली आला, खुर्चीच्या बाहेरच लोंबकळत राहिला. वहिनींनी तो उचलला आणि नीट त्याच्या मांडीवर ठेवला.